जोरदार इंजिनाच्या बोटीसाठी टिकाऊ स्टर्नड्राइव्ह कसा निवडावा

माझगावच्या एका यार्डात मे महिन्यात अठ्ठावीस फुटी बोट वर घेतली होती. आत मोठं व्ही-एट पेट्रोल इंजिन. मालकाने हौसेने त्यावर सुपरचार्जर चढवलेला. मागचा ड्राइव्ह मात्र बोटीसोबत आलेला, जुनाच. मिस्त्रीकाकांनी तळाचा ऑइल प्लग सोडला तर तेलाऐवजी कटिंग चहासारखं दुधाळ काहीतरी ओघळायला लागलं. प्लगच्या टोकाला चुंबक असतं. त्यावर बारीक करडा लेप असेल तर काळजी नसते, ती रोजची झीज. इथे लेपात लोखंडाच्या कुसळांचा गुंता होता आणि मधोमध तांदळाच्या कणीएवढा चकाकता तुकडा. काकांनी तो चिमटीत धरून उजेडात फिरवला आणि म्हणाले, "हा दाताचा कोपरा आहे, साहेब. आता दुसरा शोधायला आतच जावं लागेल."

इंजिनावर लाखो रुपये घालायचे आणि ती ताकद पाण्यापर्यंत नेणारा भाग जुनाच ठेवायचा, ही नव्या मालकांची नेहमीची चूक. मुंबईत तिची किंमत दुप्पट पडते, कारण सुटे भाग बहुतेक बाहेरून मागवावे लागतात आणि आपल्याकडचा बोटीचा हंगाम मोजका असतो. म्हणून हा लेख. पहिल्यांदाच जोरदार बोट घेणाऱ्यांनी, किंवा असलेल्या बोटीत मोठं इंजिन टाकणाऱ्यांनी, तो खरेदीच्या आधी वाचावा.

आधी एवढं समजून घ्या

स्टर्नड्राइव्हमध्ये इंजिन बोटीच्या आत, मागच्या फळीला म्हणजे ट्रान्समला लागून बसतं आणि गिअर, शाफ्ट, पंखा असलेला ड्राइव्ह बाहेर लटकतो. ही रचना व्होल्वो पेंटाने १९५९ मध्ये 'अ‍ॅक्वामॅटिक' नावाने बाजारात आणली, आणि १९६१ मध्ये मर्क्युरीचा मर्क्रूझर आला. आजही वापरलेल्या बोटींच्या बाजारात प्रामुख्याने याच दोन घराण्यांचे ड्राइव्ह दिसतात.

ताकदीचा प्रवास असा. इंजिनाच्या मागच्या कपलरमधून शाफ्ट निघतो. तो ट्रान्समपाशी त्याला आधार देणाऱ्या गिंबल बेअरिंगमधून आणि दोन क्रॉसमधून, म्हणजे यू-जॉइंटमधून, बाहेर येतो. वरच्या गिअरपेटीत काटकोनात खाली वळतो, खालच्या पेटीत पुन्हा काटकोनात मागे वळतो आणि पंख्याला मिळतो. दोन काटकोन म्हणजे एकमेकांत अडकलेल्या दातांच्या दोन जोड्या. सगळा भार त्या मोजक्या दातांवर, दोन क्रॉसवर आणि पंख्याच्या शाफ्टवर येतो. ड्राइव्ह तुटतो तो बहुधा याच तीन जागी.

आणि तो तुटतो धक्क्याने. एका गतीने, सपाट पाण्यात, भरपूर ताकद लावली तरी बरेच ड्राइव्ह वर्षानुवर्षं चालतात. बोट लाटेवरून उडाली, पंखा हवेत गेला, आरपीएम म्हणजे मिनिटाचे फेरे उसळले आणि त्याच वेगाने फिरणारा पंखा परत पाण्यात आपटला, की त्या एका क्षणात दातांवर येणारा मार रोजच्या भाराच्या कितीतरी पट असतो. आरपीएम मर्यादेत ठेवणारा रेव्ह लिमिटर इंजिनाला वाचवतो, दातांना वाचवत नाही. पुढची प्रत्येक पायरी वाचताना हा धक्का डोळ्यासमोर ठेवा.

पहिली पायरी: हॉर्सपॉवर बाजूला ठेवा, टॉर्क लिहून काढा

विक्रेता हॉर्सपॉवर सांगतो, पण दातांना कळतो तो टॉर्क, म्हणजे शाफ्टला पडणारा पीळ. हिशेब सोपा आहे. हॉर्सपॉवरला ०.७४६ ने गुणा म्हणजे किलोवॉट मिळतील. त्यांना ९५४९ ने गुणून आरपीएमने भागा, म्हणजे टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये येईल.

४०० हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन ५००० आरपीएमला ही ताकद देत असेल तर टॉर्क येतो सुमारे ५७० न्यूटन-मीटर. तेवढ्याच ४०० हॉर्सपॉवरचं डिझेल ३५०० आरपीएमला देत असेल तर टॉर्क येतो सुमारे ८१४. कागदावर दोन्ही इंजिनं सारखी. ड्राइव्हच्या दृष्टीने डिझेल जवळजवळ दीडपट जड. पेट्रोलसाठी बनवलेला ड्राइव्ह "४०० पर्यंत चालतो" म्हणून डिझेलमागे लावला की घोडं तिथेच पेंड खातं. सुपरचार्जर किंवा टर्बो असेल तर कमी आरपीएमवरचा टॉर्कही विचारा, कारण बोट वेग घेत पाण्यावर उचलताना सगळ्यात जास्त ओढ तिथेच पडते.

दुसरा आकडा वजनाचा. तोही कोऱ्या बोटीचा धरू नका. पूर्ण इंधन, पाणी, नांगर, साखळी, आइसबॉक्स आणि रविवारी मांडव्याला येणारी सगळी मंडळी धरून लिहा. हलकी बोट पंख्यासमोर पटकन सरकते, भार विरघळतो. जड बोट तोच भार दातांवर रोखून धरते. इंजिन एकच असताना दोन टनांच्या बोटीत सुखाने चालणारा ड्राइव्ह पाच टनांच्या बोटीत लवकर दमतो.

दुसरी पायरी: बोट कुठे आणि कशी चालणार, ते खरं सांगा

गेटवे ते मांडवा हे सरळ अंतर सुमारे सात-आठ सागरी मैल. सकाळी जाताना पाणी बहुधा शांत असतं. दुपारनंतर वायव्येचं वारं उठतं. त्यातच ओहोटी बाहेर जात असेल तर वारा आणि प्रवाह समोरासमोर येतात आणि बंदराच्या तोंडाशी उभ्या, आखूड लाटा तयार होतात. आपल्या बोटी उडतात त्या तिथे. महिन्यातून दोनदा सपाट पाण्यात फेरी मारणार असाल तर एक ड्राइव्ह. दर शनिवार-रविवारी संध्याकाळी याच पाण्यातून वेगाने परतणार असाल तर त्याच्यापेक्षा एक पायरी वरचा. माझा नियम असा, की उत्पादकाने सांगितलेली मर्यादा आणि तुमचं इंजिन यांत किमान वीस टक्क्यांचं अंतर ठेवा. हा आकडा माझ्या अनुभवाचा आहे, कुठल्या पुस्तकातला नाही.

तिसरी पायरी: ड्राइव्हची घराणी

मर्क्रूझर अल्फा वन हा साधा, स्वस्त आणि ३०० हॉर्सपॉवरच्या आतला ड्राइव्ह. त्याचा गिअर खालच्या पेटीत डॉग क्लचने, म्हणजे दातात दात अडकवून, पडतो आणि समुद्राच्या पाण्याचा पंपही ड्राइव्हमध्येच असतो. कौटुंबिक बोटीला चांगला. जोरदार इंजिनामागे लावू नका, कोणी कितीही "चालतो हो" म्हणालं तरी.

ब्राव्हो हे खरं मधलं घराणं. यात गिअर वरच्या पेटीत कोन क्लचने, म्हणजे शंकूच्या घर्षणाने, पडतो आणि पाण्याचा पंप इंजिनावर असतो. ब्राव्हो वनला वेगासाठी एकच पंखा असतो. ब्राव्हो टूला जड बोटीसाठी मोठा पंखा. ब्राव्हो थ्रीला उलटसुलट फिरणारे दोन पंखे. दोन पंख्यांची ही कल्पना व्होल्वोने 'ड्युओप्रॉप' नावाने १९८२ मध्ये आधी आणली. बोट उचलायला आणि बंदरात वळवायला ही जोडी फार छान, पण खूप वेगात एक पंख्याचा ड्राइव्ह सरस ठरतो. ब्राव्हो वनची एक गोष्ट मला विशेष आवडते. तो दोन्ही दिशांना फिरू शकतो, फक्त शिफ्ट केबलची जोडणी बदलायची. दोन इंजिनांच्या बोटीत उजवा-डावा असा भेद उरत नाही आणि एकच सुटा ड्राइव्ह दोन्हीकडे कामाला येतो. मुंबईत, जिथे भाग येईपर्यंत हंगाम संपतो, तिथे याचं मोल मोठं आहे.

ताकद वाढली की ब्राव्हो वन एक्सआर. गिअर आणि शाफ्ट जास्त मजबूत. मर्क्युरी रेसिंगने आपल्या ५२५ आणि ६०० हॉर्सपॉवरच्या इंजिनांमागे हाच लावला होता, त्यावरून त्याची पातळी कळावी. ब्राव्होच्याच जागी बसणारे आणखी मजबूत ड्राइव्ह इम्कोसारखे उत्पादक बनवतात. ट्रान्सम न फोडता अपग्रेड करायचं असेल तर त्यांचा विचार जरूर करा.

त्याच्या वर मर्क्युरी रेसिंगचे नंबर सिक्स आणि एम-एट. एम-एट हा २०१० मध्ये आलेल्या १३५० हॉर्सपॉवरच्या इंजिनामागचा ड्राइव्ह. यांच्यात गिअर टाकण्याची सोयच नाही. ते काम इंजिनाला जोडलेली वेगळी ट्रान्समिशन करते, त्यामुळे ड्राइव्हच्या पेटीत सगळी जागा जाड दातांना मिळते. पैशाची बाब मात्र वेगळ्याच पातळीची आहे.

अर्नेसनसारख्या सरफेस ड्राइव्हमध्ये शाफ्ट सरळ मागे जातो, काटकोनाचे दातच नाहीत. टिकाऊपणात याला तोड नाही. पण जेट्टीला लागताना आणि उलटं जाताना तो हट्टी असतो. गेटवेच्या गर्दीत, लाँच आणि छोट्या होड्यांमध्ये, नवशिक्याने तो घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आउटबोर्डचाही, म्हणजे ट्रान्समच्या बाहेर लटकणाऱ्या इंजिनाचाही, विचार करून ठेवा. २०१७ मध्ये मरीन ड्राइव्हसमोर पी-वन पॉवरबोटची शर्यत झाली त्या बोटी आउटबोर्डवरच्याच होत्या, आणि २०२१ पासून ६०० हॉर्सपॉवरचा आउटबोर्डही मिळतो. तो पाण्याबाहेर पूर्ण उचलता येतो. आपल्या खाऱ्या पाण्यात हा फायदा छोटा नाही.

चौथी पायरी: रेशो आणि पंखा

रेशो म्हणजे पंख्याच्या एका फेऱ्यासाठी इंजिनाचे किती फेरे. मोठ्या व्ही-एटमागे १.५० हा नेहमीचा. हलक्या, वेगवान बोटीला १.३६, जड बोटीला १.६५ किंवा त्याहून जास्त.

पिच म्हणजे न घसरता पंखा एका फेऱ्यात जेवढा पुढे जाईल ते अंतर. हिशेब करून बघा. आरपीएम गुणिले पंख्याचा पिच इंचात, भागिले रेशो, भागिले १२१५, म्हणजे नॉट्समध्ये कागदी वेग. ५००० आरपीएम, २६ इंच पिच आणि १.५० रेशो धरला तर येतात सुमारे ७१ नॉट्स. पंखा पाण्यात थोडा घसरतोच. बारा टक्के घसर धरली तर ६३ च्या आसपास. प्रत्यक्षात त्याहून फार कमी मिळत असेल तर पंखा चुकीचा आहे, नाहीतर बोट जड आहे.

पिच असा निवडा की पूर्ण थ्रॉटलला, नेहमीच्या वजनासह, इंजिन उत्पादकाने दिलेल्या आरपीएमच्या वरच्या टोकापर्यंत पोचेल. जास्त पिचचा पंखा लावून इंजिन दाबून चालवलं की वेग वाढल्यासारखा वाटतो आणि दात मात्र रोज झिजतात.

पंख्याची उंची, म्हणजे तळाच्या रेषेपासून पंख्याचा शाफ्ट किती खाली, हे काम अनुभवी माणसाकडूनच करून घ्या. दोन ड्राइव्ह असतील तर मध्ये त्यांना जोडणारा दांडा म्हणजे टाय-बार आणि बाहेरून हायड्रॉलिक स्टिअरिंग हवंच. वेगात सैल स्टिअरिंग जिवावर बेततं.

पाचवी पायरी: आपल्या पाण्याचा विचार

परदेशी लेख वाचून निवड करणारे इथे चुकतात, कारण त्यातले बरेच लेख गोड्या पाण्याच्या तळ्यांसाठी लिहिलेले असतात.

झिंकपासून सुरुवात करा. ड्राइव्ह अ‍ॅल्युमिनियमचा, पंखा बहुधा स्टेनलेसचा, आणि दोन्ही खाऱ्या पाण्यात. अशा वेळी अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. ते वाचवायला त्याच्याआधी खाल्ला जाणारा बळीचा धातू, म्हणजे अ‍ॅनोड, लावतात. सगळेच त्याला झिंक म्हणतात, पण खाऱ्या आणि खाडीच्या मिश्र पाण्यासाठी आज अ‍ॅल्युमिनियमचे अ‍ॅनोड सगळ्यात चांगले. मॅग्नेशियमचे फक्त गोड्या पाण्यासाठी. मी घेतलेल्या एका वापरलेल्या बोटीवर आधीच्या वर्कशॉपने मॅग्नेशियमचे लावले होते. काही आठवड्यांत ते भुसभुशीत झाले आणि ड्राइव्हचा रंग फोडांसारखा उचकटला. अ‍ॅनोड अर्धा खाल्ला गेला की बदला, आणि त्यावर कधीही रंग मारू नका. शेवाळ-शिंपले रोखणारा तांब्याचा अँटिफाउलिंग रंग ड्राइव्हला लावू नका. बोटीच्या तळाला लावतानाही ट्रान्समवरच्या ड्राइव्हच्या भागाभोवती चार सेंटिमीटरची मोकळी पट्टी सोडा.

मग रबरी बेलोज. क्रॉसभोवतीचा हा घडीचा रबर फाटला की समुद्र थेट क्रॉसवर आणि गिंबल बेअरिंगवर जातो. बोट नांगरावर असताना ड्राइव्ह खाली ठेवा, वर उचललेल्या अवस्थेत रबर एकाच घडीवर महिनोन्‌महिने वाकून तडकतो. तळाला चिकटणाऱ्या बार्नॅकल शिंपल्यांच्या धारदार कडाही तो कापतात, म्हणून बोट पाण्यातच राहणार असेल तर पाणबुड्याकडून बेलोज आणि पाणी आत घेणाऱ्या खाचा नियमित साफ करून घ्या. दोन हंगामांनंतर बेलोज बदलायचे, फाटलेले दिसोत वा न दिसोत.

गाळाचं सांगायलाच नको. उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते, आणि तेवढंच पाणी परत जाताना खाडीचा सगळा चिखल ढवळून नेतं. ओहोटीला उथळ पाण्यातून बोट काढली की पंपाचा इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं रबरी चाक, वाळूकागदावर घासल्यासारखा झिजतो. तो दरवर्षी बदला. प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने दहा-पंधरा मिनिटं फ्लश करा. आधी पाणी सुरू, मग इंजिन, आणि आयडलच्या वर आरपीएम न्यायचे नाहीत.

सगळ्यात दगाबाज मात्र दोरा. करंजा-उरणच्या बाजूला खुंटांना बांधलेली डोल जाळी लागलेली असतात, आणि तुटलेल्या जाळ्यांचा नायलॉन सगळ्या बंदरात वाहत फिरतो. तो पंख्याच्या मागे शाफ्टला गुंडाळतो, उष्णतेने वितळून कडक होतो आणि हळूहळू सील कापतो. मग तेल बाहेर आणि पाणी आत. बाहेरून काहीच दिसत नाही. माझगावच्या त्या बोटीत पंखा काढल्यावर शाफ्टवर हिरव्या नायलॉनची अंगठीसारखी घट्ट कडी निघाली, कानस लावून कापावी लागली. दर महिन्याला पंखा काढून तिथे बघा. आणि जाळ्यांच्या खुंटांपासून लांब राहा. ती कोणाची तरी रोजीरोटी आहे, हे ड्राइव्हच्या आधी लक्षात घ्यायचं.

सहावी पायरी: वापरलेला ड्राइव्ह घेत असाल तर

तेल स्वतःसमोर काढायला लावा. विक्रेत्याने "कालच बदललं" म्हटलं तर मी त्याला आणखी संशयाने बघतो. दुधाळ म्हणजे पाणी, जळका वास म्हणजे तापलेली पेटी, चुंबकावर कुसळं म्हणजे दात किंवा बेअरिंग. मग पंखा हाताने फिरवा. अडखळत फिरत असेल तर सोडून द्या. शाफ्टच्या टोकाशी खूण धरून फिरवा. डगमगताना दिसला तर तो कधीतरी दगडाला किंवा लाकडाला लागलेला आहे.

इंजिन चालू करून स्टिअरिंग टोकापर्यंत वळवा आणि ट्रान्समला कान लावा. घरघर आली तर गिंबल बेअरिंग गेलं. ड्राइव्ह उतरवता आला तर क्रॉस बोटांनी वाकवून बघा. तो सगळीकडे सारखा फिरला पाहिजे, मध्येच खटकन बसता कामा नये. कपलरच्या आतल्या खाचा टॉर्च मारून पाहा. धारदार झाल्या असतील तर इंजिनाची रेषा चुकलेली आहे, आणि ती अलाइनमेंट बारने जुळवल्याशिवाय नवा ड्राइव्ह लावला तर तोही जाईल. शेवटी पेटीला हवेचा दाब आणि व्हॅक्यूम दोन्ही देऊन सील तपासायला सांगा. दोन्हींत टिकला तरच पैसे मोजा.

सातवी पायरी: चाचणी आणि पहिले वीस तास

चाचणी प्रवासी लाँचच्या मार्गापासून पूर्ण दूर, मोकळ्या पाण्यात, लाइफ जॅकेट घालून आणि दुसरा जाणता माणूस सोबत ठेवून. १८ डिसेंबर २०२४ ला करंजाजवळ इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान बोट 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली आणि माणसं गेली. घारापुरीच्या वाटेवर दिवसभर लहान मुलांनी भरलेल्या लाँच जात असतात. तिथे पूर्ण थ्रॉटल लावायचा नाही, कुठल्याही कारणासाठी नाही.

गिअर फक्त आयडलवर टाका, पण हात ठाम ठेवा. बिचकत टाकलेला गिअर क्लचला घासतो. बोट उचलताना ट्रिम, म्हणजे ड्राइव्हचा वर-खाली कोन, खाली, वेग आल्यावर हळूहळू वर. फार वर ट्रिम करून जोरात वळू नका, त्या कोनात क्रॉसवर सगळ्यात वाईट भार येतो. बोट लाटेवरून सुटते आहे असं वाटताच थ्रॉटल मागे, पंखा पाण्यात बसला की मगच पुढे. ही हाताची सवय लागायला एक हंगाम जातो. तोवर दुपारच्या पाण्यात वेग निम्म्यावर ठेवा.

वीस तासांनी तेल बदला, नंतर दर शंभर तासांनी किंवा दर पावसाळ्याच्या तोंडाशी, जे आधी येईल ते. नवं तेल खालच्या भोकातून वर भरा, म्हणजे आत हवा अडकत नाही. जुनं तेल पांढऱ्या भांड्यात काढा, एक रात्र तसंच ठेवा म्हणजे पाणी असेल तर तळाशी बसेल, आणि पुसण्याआधी चुंबकाचा फोटो काढून त्यावर इंजिनाचे तास लिहून ठेवा. जूनमध्ये बोट वर घ्याल तेव्हा मिस्त्रीकाकांना आधी तो फोटो दाखवायचा, मग बोट.